धम्मयात्रा काढणाऱ्या आयोजकांना खुले पत्र: गृध्रकूट पत्रकातून का काढलात?

प्रति,
महाराष्ट्रातून दरवर्षी धम्मयात्रेच्या गाड्या काढणारे सर्व आयोजक

सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.

वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, चालू आहे आणि हिवाळ्यातल्या यात्रेची पत्रकं आत्तापासूनच विहाराच्या फळ्यावर लागली आहेत. गुळगुळीत कागद, वर तथागत आणि बाबासाहेब, खाली तुमचे मोबाईल नंबर, मध्ये दिवसवार कार्यक्रम. राजगीरच्या दिवसापुढे एका पत्रकात असं छापलंय: ‘विश्वशांती स्तूप (रोप-वे), ग्लास ब्रिज, गरम पाण्याचे कुंड, वेळ असल्यास वेणुवन. जेवण. नालंदा. रात्री पाटणा.’ तथागत जिथे राहायचे तो राजगीरचा गृध्रकूट डोंगरच नाही. बाकीची पत्रकं काढून पाहिली, त्यातही थोड्याफार फरकानं तेच. मागे तो निदान ‘वेळ असल्यास’च्या रांगेत तरी असायचा, यंदा तिथूनही गेला.

म्हणून मी फोन केले. एक आयोजक म्हणाले, चढ आहे, म्हातारी माणसं असतात, वेळ जातो, म्हणून काढलं. दुसरे म्हणाले, ‘ताई, रोप-वेनं वर नेतो ना आम्ही, तेच गृध्रकूट.’

पहिलं उत्तर मला पटलं नाही, पण ते खरं तरी होतं. दुसरं ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले. नाव कोणाचंच घेणार नाही. एकाचं घेतलं की बाकीचे ‘आम्ही तसे नाही’ म्हणून मोकळे होतात, आणि मला तुम्हा सगळ्यांशी बोलायचंय.

आधी जागेचंच स्पष्ट करू. रोप-वे जिथे सोडतो तो रत्नगिरी. तिथला पांढरा स्तूप जपानच्या निचिदात्सु फुजी गुरुजींनी उभा केला आणि 1969 मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. स्तूप देखणा आहे. तिथे जाऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण त्यांच्याच संघाचा शांतिस्तूप आपल्या वर्ध्यालाही आहे; फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गेले होते. नुसता शांतिस्तूपच पाहायचा तर नागपूरच्या माणसानं सकाळी वर्ध्याची गाडी धरावी आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागावं. त्यासाठी बिहार गाठायला नको.

तथागत जिथे राहायचे, चंक्रमण (येरझारा घालत ध्यान) करायचे, तो गृध्रकूट त्या स्तूपाच्या खालच्या अंगाला आहे. डोंगरातून पुढे आलेले खडकांचे सुळके, त्यांच्यामध्ये विटांच्या जुन्या बांधकामाचा एक छोटासा चौथरा. एक बस भरून माणसं बसली की जागा संपते. वाटेत दोन गुहा लागतात, तथागतांचे शिष्य आनंद आणि सारिपुत्त यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. सारिपुत्तांना अर्हत्पद मिळालं ते याच डोंगरावरच्या सूकरखता गुहेत: तथागत दीघनख परिव्राजकाशी बोलत होते आणि सारिपुत्त मागे उभे राहून वारा घालता घालता ऐकत होते. भाषण त्यांच्यासाठी नव्हतंच, तरी उमगलं त्यांना. मला ही गोष्ट फार आवडते. यात्रेत स्वयंपाकाला येणाऱ्या आमच्या बाया असंच, भाजी चिरता चिरता, सगळं प्रवचन ऐकून घेतात.

आता तुमच्या पत्रकाकडे परत येते. राजगीर, नालंदा, पाटणा, वैशाली, कुशीनगर असा तुमच्या गाडीचा रस्ता आहे. कधी विचार केलात का, हा रस्ता कुणाचा आहे? महापरिनिब्बान सुत्त याच रस्त्याचं आहे. ऐंशीच्या घरातले तथागत राजगृहाहून निघाले, नालंदेला थांबले, पाटलीगावाजवळ गंगा ओलांडली, वैशालीजवळ शेवटचा वर्षावास केला आणि कुशीनाऱ्याला दोन शालवृक्षांमध्ये आडवे झाले. तुमची एसी स्लीपर त्यांच्या शेवटच्या चारिकेच्या, म्हणजे पायी भ्रमंतीच्या, मागोमाग धावते, आणि त्या सुत्ताचं पहिलंच वाक्य गृध्रकूटावरचं आहे. पुढची सगळी गावं तुम्ही ठेवलीत आणि जिथून तथागत निघाले तेवढीच जागा काढलीत.

त्या सुत्ताची सुरुवात कशी होते, तेही सांगते, कारण यात्रेच्या बसमध्ये मी ती कधी ऐकली नाही. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर, म्हणजे वैशालीच्या गणराज्यावर, चढाई करायची होती. त्यानं आपला महामंत्री वस्सकार याला तथागतांकडे पाठवलं, ते काय म्हणतात ते नीट ऐकून ये म्हणाला. वस्सकार रथातून निघाला, रथ जाईल तिथवर रथानं गेला आणि पुढे पायी डोंगर चढला. त्याचं बोलणं झाल्यावर तथागतांनी त्याला सरळ उत्तर दिलं नाही. मागे आनंद वारा घालत उभे होते, त्यांना ते विचारत गेले: आनंदा, वज्जी वरचेवर सभा भरवतात असं तू ऐकलंस का? एकत्र बसतात, एकत्र उठतात, मिळून कामं करतात असं ऐकलंस का? वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात, त्यांचं ऐकतात? बायका-मुलींना जबरदस्तीनं ओढून नेत नाहीत? आपल्या गावातल्या आणि गावाबाहेरच्या चैत्यांचा आदर करतात, पूर्वी दिलं जाणारं बंद पडू देत नाहीत? आनंद प्रत्येक वेळी ‘होय’ म्हणत गेले. असं सात वेळा झालं, आणि हे सातही चालू आहे तोवर वज्जींचा ऱ्हास होणार नाही, असं तथागत म्हणाले.

गणराज्य कशानं टिकतं हे ज्या खडकावर सांगितलं गेलं, तो खडक बाबासाहेबांच्या लेकरांना दाखवायला तुमच्याकडे वेळ नाही. काचेच्या पुलासाठी आहे.

मी इतकं तावातावानं का बोलतेय, तेही सांगायला हवं. माझ्या सासूबाई 1956 साली सात-आठ वर्षांच्या होत्या. दीक्षेच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती गर्दी पाहिली. बाबासाहेब दिसले का म्हणून विचारलं तर अजूनही प्रामाणिकपणे सांगतात, ‘माणसंच माणसं दिसली वं, बाकी काई नाई.’ पुढचं सारं आयुष्य बिडी वळण्यात गेलं. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख आजही तेंदूपत्ता कापायच्या कैचीसारखं वाकलेलं आहे. यात्रेचे पैसे त्यांनी बचत गटातून साठवले, मुलाकडून एक रुपया घेतला नाही. त्या एका मोठ्या यात्रेत गेल्या, मी सोबत होते. राजगीरला गाडी दुपारी दीडच्या सुमारास पोचली. आयोजकांच्या माणसानं दारात उभं राहून म्हाताऱ्या निवडायला सुरुवात केली: ‘आजी, तुम्ही बसा. आजी, तुम्हाले नाई जमणार.’ काठी नाही, डोलीची चौकशी नाही, आजींना विचारणं तर नाहीच. मी थांबते म्हटलं तर सासूबाईंनी हातानं मला ढकललं, जाय तू म्हणाल्या. आम्ही धावतपळत गेलो, अर्धं चढलो आणि खालून शिट्टी झाली, उशीर होतोय, नालंदा बंद होईल. परत आलो. सासूबाई पार्किंगमध्ये, बंद इंजिनच्या गाडीत, मांडीवर झेंडूच्या फुलांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. ती फुलं गृध्रकूटासाठी होती, बोधगयेच्या बाजारातून सकाळी घेतलेली. त्यांनी ती नालंदेला वाहिली. तक्रार केली नाही. पण त्याच रात्री पाटण्याच्या धर्मशाळेत एक बाई सगळ्यांना सांगत होत्या की आम्ही गृध्रकूट केलं, रोप-वेनं. त्यांना तसंच सांगण्यात आलं होतं.

यंदा सासूबाईंनी पुन्हा नाव दिलंय. म्हणून हे पत्र.

माझ्या तक्रारी एकट्या माझ्या नाहीत. आमच्या महिला मंडळात बसून बोललो तेव्हा जिनं जिनं यात्रा केली तिनं काहीतरी भर घातली.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. बोधगयेहून राजगीर सत्तर-ऐंशी किलोमीटर. पहाटे निघालं तर सकाळी डोंगराच्या पायथ्याशी पोचता येतं. पण आचाऱ्याचं पोह्यांचं पातेलं उतरेपर्यंत आठ वाजतात, मग मोजदाद, मग कुणाचा तरी फोन रूमवर राहतो. हे समजू शकते, पन्नास माणसांचा संसार आहे तो. पण बनारसला साडीच्या दुकानात अडीच तास जातात, ते कसे? साड्या आम्हालाही आवडतात, खोटं कशाला बोलू. पण दुकानाच्या दारात गाडी लागली की मालक तुम्हाला आत नेऊन चहा पाजतो, आणि पुढच्या अडीच तासांत एकाही शिट्टीचा आवाज येत नाही, हे बायांच्या लक्षात येतं. राजगीरला मात्र चाळीस मिनिटं. चिनी भिक्खू फा-हियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आला तेव्हा त्यानं गावातून उदबत्त्या, फुलं, तेल, दिवे घेतले, ते उचलायला तिथलेच दोन भिक्खू सोबत घेतले, वर गेला, तथागतांच्या काळात आपण जन्मलो नाही म्हणून रडला आणि रात्रभर तिथेच सूत्रपठण करत बसला. तेवढं आम्ही मागत नाही. अंधार पडायच्या आत खाली यावं, हे आम्हालाही कळतं. एक सकाळ मागतोय.

ज्यांना चढता येत नाही त्यांचं तुम्ही काय करता, याचा तर विचारच झालेला नाही. गाडीत बसवून ठेवणं ही व्यवस्था नव्हे. चढणाऱ्याला वाट फार अवघड नाही. फरसबंदी आहे, बराच भाग सौम्य चढाचा, शेवटी पायऱ्या. धडधाकट माणसाला अर्धा-पाऊण तास, सावकाश जाणाऱ्याला त्याच्या दुप्पट. रोप-वेनं स्तूपाशी जाऊन तिथून उताराच्या वाटेनं गृध्रकूटाकडे येता येतं, म्हणजे दम लागणाऱ्यांचा मोठा चढ वाचतो. 2021 पासून तिथे बंद केबिनचा रोप-वे आहे. पूर्वीच्या एकेकट्या हलत्या खुर्चीवर बसायला ज्या आज्या घाबरायच्या त्या आता बसू शकतात. म्हणजे ज्या रोप-वेसाठी तुम्ही गृध्रकूट काढलात, तोच तिथे पोचायचा सोपा मार्ग आहे! हे यात्रेकरूंना कुणी सांगत नाही, कारण गाडी स्तूपाहून परत केबिननंच खाली आणायची असते.

आणि ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांच्यासाठी राजगीरमध्ये खालीच जागा आहेत. याबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या. बिंबिसार राजानं गृध्रकूटावर जायला दगडी वाट बांधली होती. सातव्या शतकात चिनी भिक्खू युआन श्वांग आला तेव्हा त्या वाटेवर दोन छोटे स्तूप होते. राजा रथातून उतरून पायी निघायचा तिथे एक, आणि सोबतच्या लोकांना मागे थांबवून एकटा पुढे जायचा तिथे दुसरा. पुढे त्याच राजाला त्याच्या मुलानं, अजातशत्रूनं, कैदेत टाकलं. बिंबिसाराचा बंदिवास म्हणून ओळखलं जाणारं जाड दगडी भिंतींचं आवार आजही राजगीरच्या सपाटीवर, रस्त्याच्या कडेला आहे. परंपरा सांगते की तिथून त्याला गृध्रकूट दिसायचा, आणि तेवढ्या दर्शनावर तो जगला. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या भाष्यात, तर असं येतं की त्याला चालता येऊ नये म्हणून त्याच्या तळपायांवर वार करवले गेले. ज्यानं ती वाट बांधली त्यालाच शेवटी ती चढता आली नाही. तो खालून पाहत राहिला. ज्यांचे गुडघे गेलेत अशा आज्यांना तिथे नेऊन, सावलीत बसवून, समोर डोंगर दाखवून त्रिसरण-पंचशील घेतलं, तर ती यात्रा कोणत्या अर्थानं कमी आहे? जवळच जीवकाचं आम्रवन आहे. देवदत्तानं वरून शिळा ढकलली, तिची कपची लागून तथागतांच्या पायातून रक्त आलं आणि वैद्य जीवकानं उपचार केले, ते इथेच. लंबवर्तुळाकार दालनांचे पाये उत्खननात निघाले आहेत. गाडी थेट तिथवर जाते. पाय दुखणाऱ्या माणसांना दाखवायला याहून योग्य जागा मला तरी माहीत नाही.

पण हे सगळं सांगणार कोण? गाडीत माईक असतो. त्यावर गाणी असतात, ‘खिडकीबाहेर हात काढू नका’ असतं, आणि ज्यांनी पैसे पूर्ण भरले नाहीत त्यांची नावं असतात. राजगीरला कुणीतरी स्थानिक वाटाड्या दोनशे-तीनशेत घेतला जातो आणि तो मनाला येईल ते सांगतो. वर पोचलं की कुणी अंगावर चीवरासारखं कापड घेतलेला माणूस बसलेला असतो, पुढ्यात नोटा मांडून, आणि माणसागणिक दान मागतो. दिलं नाही तर चार शब्द ऐकवतो. आमच्यातल्या एकीनं परतीच्या रिक्षाचे पैसे तिथे दिले. तो माणूस कोण, कुठल्या संघाचा, दान जातं कुठे, पावती का नाही, हे विचारायची हिंमत नवख्या यात्रेकरूला होत नाही. तुम्हाला होऊ शकते. तुम्ही दरवर्षी जाता.

घाणीबद्दल परक्यांना बोल लावण्याआधी आपलंच बघू. जुन्या विटांवर मेणबत्त्या लावल्या जातात, मेण झिरपतं, काजळी धरते. पाण्याच्या बाटल्या आणि चहाचे कागदी कप खडकांच्या फटीत. ती जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण प्रत्येक खडकामागे एक पहारेकरी उभा करता येत नाही.

आणि बायांचा प्रश्न, जो कोणत्याच पत्रकात येत नाही. प्रवासात लघवीला कुठे थांबणार? ‘शेत आलं की थांबवू.’ परिणाम असा की आमच्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तहानलेल्या पोटी दुपारच्या उन्हात डोंगर चढायला लावायचा, मग दोघींना चक्कर आली की म्हणायचं, बघा, म्हाताऱ्यांना झेपत नाही, म्हणून गृध्रकूट काढला!

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. परराज्यातला परमिटचा कर, ड्रायव्हरला झोप हवी, एक गाडी बिघडली तर नफा संपला, आणि लोक हजार रुपयांनी स्वस्त असणाऱ्याकडे जातात. स्वस्त यात्रा म्हणजे कमी मुक्काम, कमी मुक्काम म्हणजे घाई. राजगीरजवळच्या शीतवनात सोण नावाचा भिक्खू इतकं चंक्रमण करायचा की त्याचे पाय रक्ताळले. तथागतांनी त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? तुमचा कार्यक्रम मी जेव्हा वाचते तेव्हा मला सोण आठवतो. नऊ दिवसांत दहा ठिकाणं. त्यातली निम्मी ठिकाणं गाडीच्या खिडकीतून.

आणखी एक गोष्ट, जी आम्हा नागपूरकरांना जास्त लागते. भदंत सुरेई ससाई साठच्या दशकात राजगीरलाच होते, फुजी गुरुजींच्या त्या स्तूपाच्या कामात. तिथून त्यांनी नागपूरची वाट धरली आणि मग नागपूरचेच झाले. महाबोधी महाविहाराच्या मुक्तीचा लढा त्यांनी 1992 मध्ये उभा केला. 2025 च्या फेब्रुवारीपासून बोधगयेत पुन्हा भिक्खू उपोषणाला बसले, 1949 चा बोधगया मंदिर कायदा रद्द करा म्हणून. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यासाठी मोर्चे काढले, आम्हीही निळे झेंडे घेऊन चाललो. आपल्या पवित्र स्थळांचा ताबा आपल्याकडे हवा, ही मागणी बरोबरच आहे. पण जे स्थळ कुणी अडवलेलं नाही, जिथे तिकीट नाही, महंत नाही, कायदा आडवा येत नाही, ते आपणच कार्यक्रमातून खोडायचं, मग त्या घोषणांना काय वजन राहतं?

मागण्या सांगते. यातली एकही अशी नाही की जी करायला सरकारी परवानगी लागेल.

पत्रकात गृध्रकूट पर्वत हे नाव स्वतंत्र ओळीत, पहिल्या क्रमांकावर छापा. सोबत फोटो टाकायचा तर गृध्रकूटाचाच टाका, स्तूपाचा नको. रोप-वेनं स्तूप दाखवून ‘हेच गृध्रकूट’ असं सांगणं आजपासून बंद झालं पाहिजे. यात मी काही सवलत देणार नाही.

आदल्या रात्री मुक्काम राजगीरला करा आणि उजाडताना चढायला सुरुवात करा. एका मुक्कामाचा खर्च वाढत असेल तर तो आधी सांगून घ्या. आम्ही विचारलंय, बाया द्यायला तयार आहेत. साडीचं दुकान वगळा किंवा अर्ध्या तासावर आणा. काचेचा पूल ज्यांना पाहायचा ते दुपारी आपल्या पैशानं पाहतील.

नाव नोंदवतानाच प्रत्येकाला विचारा: पायी चढणार, रोप-वेनं जाऊन उतरत येणार, डोलीनं जाणार की खाली थांबणार? डोलीचा दर पायथ्याशी घासाघीस करून ठरवू नका, आधी ठरवून पत्रकात द्या. कोण कसं जाणार हे त्या माणसानं ठरवायचं, गाडीच्या दारात उभ्या राहिलेल्या पोरानं नाही. खाली थांबणाऱ्यांसोबत एक जबाबदार माणूस आणि एक भंतेजी असू द्या, आणि त्यांना पार्किंगमध्ये न ठेवता बंदिवासाच्या आवारात, आम्रवनात, वेणुवनात न्या.

निघण्याआधी एक संध्याकाळ विहारात बैठक घ्या. कुठे काय घडलं ते कुणीतरी मराठीत सांगावं. वाचून दाखवायला आमच्यातल्या चारजणी तयार आहेत, मानधन नको. वर चौथऱ्यावर पोचल्यावर वस्सकाराचा तो प्रसंग दहा मिनिटं वाचला तरी पुरे, मग वंदना, मग थोडा वेळ कुणी काही बोलू नये, फोनही काढू नये.

वर दान द्यायचं तर सगळ्यांचं मिळून एकदाच, पावती मिळेल तिथे. पावती नसेल तर नाही. मेणबत्ती जुन्या विटांवर नाही. प्रत्येक गाडीत दोन मोठ्या पिशव्या ठेवा, आपला कचरा आपण खाली आणू, जमला तर इतरांचाही.

आणि दर दोन-अडीच तासांनी, स्वच्छतागृह आहे अशाच पंपावर किंवा ढाब्यावर गाडी थांबेल, हे पत्रकात लिहून द्या. वाचायला ही छोटी गोष्ट वाटेल. पन्नाशीपुढच्या कोणत्याही बाईला विचारा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर तुमचे स्टॉल लागतील आणि पत्रकं हजारांनी वाटली जातील. दुरुस्ती त्याआधी व्हावी. आम्ही कुणावर बहिष्कार टाकत नाही, भरलेली आगाऊ रक्कमही परत मागत नाही. विहारात रविवारी वंदनेनंतर आम्ही बसतो, तुमच्यापैकी ज्यांना बोलायचंय त्यांनी यावं, चहा आमच्याकडून. ज्यांचं पत्रक बदलेल त्यांचं नाव फळ्यावर आम्ही स्वतः लिहू आणि बाकीच्या वस्त्यांमध्येही कळवू.

ज्यांचं बदलणार नाही त्यांच्या गाडीतही आमच्या काही बाया असणारच आहेत, पैसे भरून झालेत. त्यांचं ठरलंय. राजगीरला रोप-वेच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली की त्या गृध्रकूटाच्या वाटेला लागतील आणि उतरून आल्यावरच गाडीत बसतील. शिट्टी कितीही वाजवा.

आपली,
एक उपासिका
महिला मंडळ, उत्तर नागपूर